ठिगळ लावायचे कोणी?

१५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, मावळ तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळला. चार माणसे मृत्युमुखी पडली, पन्नासांवर जखमी झाली. पूल धोकादायक आहे हे शासनाला ठाऊक होते, गावकऱ्यांना ठाऊक होते. नव्या पुलासाठी सुमारे आठ कोटी रुपये मंजूर झाले असल्याचे दुर्घटनेनंतर सांगण्यात आले. म्हणजे दोष ज्ञात होता, उपाय ज्ञात होता, पैसाही कागदावर होता. नव्हती ती केवळ प्रत्यक्ष दुरुस्ती. त्यानंतर चर्चा झाली ती पर्यटकांच्या बेशिस्तीची. सत्ताधाऱ्यांना ती नेहमीच सोयीची असते.

प्रस्तुत लेखाचा विषय पूल नाही. कुंडमळ्याची आठवण द्यावी लागली, कारण त्याच जातीची एक दिरंगाई आज आपल्या सार्वजनिक जीवनाच्या अगदी तळाशी चालू आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. संगणकावर नोंदी साठविणाऱ्या आणि त्यांच्या प्रती राखणाऱ्या मोठ्या प्रणालींत अधूनमधून असे दोष आढळतात की ज्यांच्या आधारे क्षुल्लक अधिकाराचा माणूस, किंवा कोणताच अधिकार नसलेला परका माणूस, एकाएकी सर्वाधिकारी होऊन बसतो. दोष सापडला की दुरुस्ती तयार होते. तिला संगणकाच्या धंद्यात ‘पॅच’ म्हणतात. आपल्या भाषेत ठिगळ. प्रश्न ठिगळ तयार होण्याचा नसतोच. ते लावायचे कोणी, केव्हा, कोणाच्या पैशाने, आणि लावले नाही तर जाब कोणी द्यायचा, हा खरा प्रश्न आहे. आमच्या मते तो सर्वस्वी राजकीय प्रश्न आहे. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी तो अभियंत्यांवर सोपवून मोकळे होणे परवडणारे नाही.

कान्हे फाट्यावरून इंद्रायणी ओलांडून टाकवे बुद्रुकला गेले म्हणजे आंदर मावळात आपला प्रवेश होतो. भाताची खाचरे, अलीकडच्या काळात उभे राहिलेले कारखाने, आणि पुणे-मुंबईच्या पैशाने अस्मानाला भिडविलेले जमिनीचे भाव. ह्या पट्ट्यातील शेतकऱ्याची सारी मिळकत दोन नोंदींवर उभी असते. एक त्याचा सात-बारा आणि दुसरी विकास सोसायटीतील त्याच्या पीककर्जाची खतावणी. पूर्वी ह्या नोंदी लाल फडक्यात बांधलेल्या दप्तरात असत. आता सात-बारा संगणकावर आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा राज्यात मिळू लागला. २०२२ च्या जून महिन्यात केंद्र सरकारने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि तिच्यात समाविष्ट होणाऱ्या संस्थांची खतावणी एका समान राष्ट्रीय प्रणालीवर जाऊ लागली. पीककर्जाची परतफेड मुदतीत केली तरच व्याजाची सवलत मिळते, हे लक्षात घ्यावे. ज्या दिवशी पैसे भरले त्या दिवसाची नोंद नाहीशी झाली किंवा तिची तारीख पुढे सरकली, तर सवलत गेली. त्या कुणब्याला कोणत्या यंत्रात कोणता बिघाड झाला हे कोणी सांगायला येणार नाही.

ह्यावर ‘मग जुनी दप्तरेच बरी होती’ असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. जुन्या दप्तराची किल्ली कुलकर्ण्याच्या कमरेला होती आणि ती लेखणी कशी चालत असे ह्याचे वर्णन जोतीरावांनी करून ठेवलेले आहे. टाकव्याच्या शेतकरी स्त्रीला आपला उतारा तलाठ्याची मनधरणी न करता मिळावा, ही प्रगतीच आहे. परंतु तिच्या बरोबरीने एक नवे परावलंबनही येते, आणि ते कोणत्या स्वरूपाचे आहे हे नीट समजून घेणे भाग आहे.

संगणकाच्या कोणत्याही मोठ्या व्यवस्थेत अधिकारांची उतरंड असते. कोणी फक्त वाचू शकतो, कोणी ठरावीक रकान्यात लिहू शकतो, कोणी लिहिलेले मंजूर करू शकतो, आणि सगळ्यांच्या वर एक ‘ऍडमिन’ असतो. त्याला सर्व दारे उघडी असतात. नोंद बदलणे, पुसणे आणि पुसल्याची खूणही पुसणे त्याला शक्य असते. खालच्या पायरीवरील माणसाला प्रणालीतील एखाद्या फटीतून वरच्या पायरीवर चढता येणे म्हणजेच प्रस्तुत दोष. आपण त्याला अधिकारांची चोरटी बढती म्हणू.

महसूल खात्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ही कल्पना नवी वाटू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा मर्यादित अधिकार दिलेला आहे. एखादे नाव चुकीचे लिहिले गेले, आकडा इकडचा तिकडे झाला, तर दुरुस्त करावा, एवढाच त्याचा आशय. ह्याच कलमाचा आडोसा घेऊन मालकी हक्काच्या नोंदी फिरविल्याच्या तक्रारी राज्यात झालेल्या आहेत. कान्याची वेलांटी सुधारण्याची परवानगी जमिनीचा मालक बदलण्याची परवानगी होऊन बसते! तसाच आपल्या परिचयाचा ‘झिरो तलाठी’. सरकारी सेवेत नसलेला हा गृहस्थ तलाठ्याच्या कार्यालयात बसतो, तलाठ्याच्या नावाने संगणकात शिरतो, आणि कागदोपत्री सारे काम तलाठ्यानेच केलेले असते. संगणकातील अधिकारवृद्धीचा दोष ह्याहून मूलतः निराळा नाही. फरक एवढाच की येथे खुर्चीत बसणारा माणूस दहा हजार मैलांवर असू शकतो, आणि एका रात्रीत एका गावाच्या ऐवजी तीनशे बँकांच्या दप्तरात तो बसू शकतो.

आता साठवणीच्या प्रणालीत हा दोष विशेष घातक का, ते पाहू. सर्व नोंदींच्या प्रती काढून सुरक्षित ठेवणे हे ज्या प्रणालीचे काम, तिला सर्व नोंदी वाचता आल्याच पाहिजेत, आणि संकटसमयी त्या परत जागेवर लिहिताही आल्या पाहिजेत. म्हणजे तिच्या कामाचे स्वरूपच असे की तिला जवळजवळ सर्वोच्च अधिकार द्यावे लागतात. कचेरीतील प्रत्येक अधिकाऱ्याच्या कपाटाची किल्ली त्याच्याजवळ नसेल, पण अभिलेखकक्षाच्या रखवालदाराजवळ सगळ्या कपाटांच्या किल्ल्या असतात. तो रखवालदार जर परक्याचे ऐकू लागला तर बाकीची कुलुपे शोभेची ठरतात. संगणक ओलीस धरून खंडणी मागणाऱ्या टोळ्यांना हे चांगले उमगलेले आहे. त्या चालू नोंदींवर घाला घालण्यापूर्वी राखून ठेवलेल्या प्रती शोधतात आणि आधी त्या नष्ट करतात. सुटकेचा मार्ग बंद केल्यावाचून खंडणी वसूल होत नाही.

ह्याचे एक उदाहरण सविस्तर सांगण्याजोगे आहे. वेरिटास ही अमेरिकन कंपनी साठवण आणि बॅकअप ह्या क्षेत्रातील मोठी कंपनी. तिचे मोठे विकासकेंद्र पुण्यात होते. २०२४ च्या डिसेंबरात तिचा बॅकअप-व्यवसायाचा मुख्य भाग कोहेसिटी ह्या कंपनीत विलीन झाला. तिच्या ‘बॅकअप एक्झेक’ नावाच्या प्रणालीत तीन दोष आढळले, आणि मार्च २०२१ मध्ये कंपनीने त्यांची दुरुस्ती प्रसिद्ध केली. दोषाचे मूळ मोठे उद्बोधक होते. प्रतींची ने-आण करणारा जो छोटा कार्यक्रम प्रत्येक यंत्रावर बसविलेला असे, त्याला समोरच्याची ओळख पटविण्याची एक जुनी पद्धत माहीत होती. नव्या आवृत्त्यांत ती वापरातून गेली होती, परंतु कोणी ती बंद केली नव्हती. दिंडी दरवाजा बांधला, मागची खिडकी बुजवायची राहिली. त्या खिडकीतून शिरणाऱ्याला यंत्रावर सर्वोच्च अधिकाराने हुकूम सोडता येत असे.

कंपनीने दुरुस्ती दिली. इथपर्यंत तिला दोष देण्याचे कारण नाही. पुढे काय झाले? २०२२ च्या सप्टेंबरात ह्या दोषाचा वापर करण्याची तयार कृती मेटास्प्लॉइट नावाच्या, कोणालाही उपलब्ध असलेल्या साधनसंचात आली. २२ ऑक्टोबर २०२२ रोजी एका खंडणीखोर टोळीच्या हस्तकाने तो प्रत्यक्ष वापरल्याचे गूगलच्या मालकीच्या मँडियंट ह्या सुरक्षासंस्थेला आढळले. दुरुस्ती हाती येऊन एकोणीस महिने उलटले होते. मँडियंटने एप्रिल २०२३ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध केला तेव्हा साडेआठ हजारांहून अधिक ठिकाणी ही प्रणाली इंटरनेटवरून उघड दिसत होती, आणि त्यांतील कोणाकोणाला ठिगळ लागले आहे हे बाहेरून कळण्याची सोय नव्हती.

येथे एक बारकावा आहे. ठिगळ प्रसिद्ध होणे ही नुसती चांगली बातमी नसते. जुना आणि नवा कार्यक्रम शेजारी ठेवून पाहिला की नेमके कोठे शिवले आहे ते चोरालाही दिसते. म्हणजे दुरुस्ती बाहेर पडल्याच्या क्षणापासून, ज्यांनी ती लावली नाही ते पूर्वीपेक्षा अधिक असुरक्षित होतात. मोठ्या बँका आणि मोठ्या कंपन्या काही दिवसांत आपापले ठिगळ लावून घेतात. मागे राहतात ती लहान रुग्णालये, नगरपालिका, पतसंस्था. दुरुस्ती सर्वांना एकाच दिवशी मिळते, परंतु ती लावण्याचे सामर्थ्य सर्वांजवळ सारखे नसते. समतेचा विचार करणाऱ्यांना ह्यातील वर्गीय आशय वेगळा समजावून सांगावा लागू नये.

दोष राहून जाणे हा गुन्हा नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. लिनक्स ह्या मुक्त प्रणालीबरोबर येणाऱ्या एका छोट्या उपकार्यक्रमात २००९ साली शिरलेली अशीच एक फट जानेवारी २०२२ मध्ये उघडकीस आली. सुमारे साडेबारा वर्षे ती जगभरच्या असंख्य यंत्रांत होती; कोणत्याही सामान्य वापरकर्त्याला तिच्यातून सर्वाधिकारी होता येत होते. ती शोधून काढली क्वालिस ह्या कंपनीच्या संशोधकांनी, आणि ह्या कंपनीचेही मोठे केंद्र पुण्यातच आहे. हजारो कुशल डोळ्यांखालून बारा वर्षे निसटलेल्या दोषाबद्दल कोणा एकाला फाशी देणे मूर्खपणाचे होईल. शोधणाऱ्यांनी तो आधी गुपचूप कळविला, ठिगळ तयार झाल्यावर जाहीर केला आणि ते ठिगळ सर्वांना विनामूल्य मिळाले. सार्वजनिक ज्ञानाचा व्यवहार असा चालला पाहिजे.

आता आपल्या घराकडे वळू. ३१ जुलै २०२४ रोजी राष्ट्रीय देयक महामंडळाने सी-एज टेक्नॉलॉजीज ह्या कंपनीची जोडणी आपल्या किरकोळ देयक-व्यवस्थेपासून तोडली. स्टेट बँक आणि टाटा कन्सल्टन्सी ह्यांनी मिळून काढलेली ही कंपनी मुख्यतः सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरविते. तिच्यावर खंडणीखोरांचा हल्ला झाला होता. देशातील सुमारे तीनशे लहान बँकांचे ग्राहक त्या अवधीत यूपीआयसारख्या देयकव्यवहारांपासून तुटले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. क्लाउडसेक ह्या सुरक्षासंस्थेच्या अहवालानुसार हल्ल्याचा उगम सी-एजच्या एका सहयोगी कंपनीतील जेंकिन्स नावाच्या सर्व्हरमध्ये होता. जेंकिन्समधील संबंधित दोषाची दुरुस्ती २४ जानेवारी २०२४ रोजीच प्रसिद्ध झालेली होती. अहवाल बरोबर असेल तर सहा महिने ठिगळ उपलब्ध होते. तीनशे बँकांच्या सभासदांपैकी एकालाही त्या सर्व्हरचे नाव ठाऊक नव्हते. त्यांच्या बँकेच्या संचालकांना तरी ठाऊक होते काय? आमची शंका अशी की बहुतेकांना ते वर्तमानपत्रांतूनच कळले असावे.

वर्तमानपत्रांनी त्यावेळी एकूण देयकांत ह्या बँकांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असल्याचे छापून हायसे वाटून घेतले. ज्याची मजुरी त्या अर्ध्या टक्क्यात अडकली त्याच्यासाठी ती शंभर टक्केच होती.

सहकारी बँकांना ह्या आगीची झळ त्यापूर्वीही लागली होती. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या व्यवस्थेत घुसखोरी करून ११ आणि १३ तारखेला ९४ कोटी ४२ लाख रुपये काढून नेण्यात आले. २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनी पैसे उचलले गेले. जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळविण्यात आले. खातेदारांच्या ठेवींना धक्का लागला नाही असे बँकेने सांगितले. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा ठोठावली. हे अकरा जण पैसे काढण्याच्या साखळीतील खालचे दुवे. ज्यांनी कळ फिरविली ते सूत्रधार आजही आपल्या कायद्याच्या हाताबाहेर आहेत.

दुरुस्ती लावली का जात नाही? आळस आणि बेपर्वाई ही कारणे आहेतच. पण त्यांवर थांबणे म्हणजे कुंडमळ्याचा दोष पर्यटकांच्या माथी मारण्यासारखे होईल. ठिगळ लावायचे म्हणजे प्रणाली काही काळ बंद ठेवावी लागते. कर्जवाटपाच्या हंगामात आणि मार्चअखेर कोणता व्यवस्थापक ते धाडस करील? दुसरे, ठिगळाने चालते काम मोडण्याचीही भीती असते, आणि ती काल्पनिक नाही. सी-एजच्या घटनेच्या बारा दिवस आधी, १९ जुलै २०२४ रोजी, क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या सदोष सुधारणेमुळे जगभर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. एकाच पंधरवड्यात देशाने दोन्ही टोके पाहिली. न तपासता घाईने लावलेल्या सुधारणेची किंमत, आणि वेळेवर न लावलेल्या सुधारणेची किंमत. ह्यातून निघणारा मार्ग अभियंत्यांना पूर्ण ठाऊक आहे. मुख्य व्यवस्थेची एक प्रतिकृती वेगळी ठेवावी, ठिगळ आधी तिच्यावर लावून पाहावे, आणि मग काही दिवसांच्या आत सर्वत्र लावावे. परंतु प्रतिकृतीला पैसे लागतात, यंत्रे लागतात, माणसे लागतात. टाकव्यासारख्या गावातील सोसायटीने किंवा तालुक्याच्या पतसंस्थेने ती एकट्याने उभारावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

तिसरे कारण अधिक खोल आहे. आपल्या राज्यव्यवस्थेला उद्घाटनाची हौस आहे, निगराणीची नाही. नवी प्रणाली बसविली की मंत्री फीत कापतो, छायाचित्र छापून येते. मंगळवारी रात्री अडीच वाजता एखाद्या अभियंत्याने जागून साठवणीच्या प्रणालीला ठिगळ लावले, ह्याचे छायाचित्र कोण काढणार? निविदा खरेदीच्या निघतात. देखभालीचा करार संपला की त्याचे नूतनीकरण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, आणि करार संपलेल्या प्रणालीला विक्रेता ठिगळही देत नाही. धरणाचा कालवा असो, एसटीची गाडी असो, जिल्हा परिषदेच्या शाळेचे छप्पर असो, ही कथा आपण पूर्वीही सांगत आलो आहोत.

शिवाय हे काम करणारी माणसे कोण आहेत तेही पाहावे. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायतींतून वर्षानुवर्षे काम करणारे संगणक परिचालक कंत्राटी आहेत. थकलेल्या आणि तुटपुंज्या मानधनासाठी त्यांनी पुन्हापुन्हा आंदोलने केली आहेत, आझाद मैदानात बसले आहेत. ज्याला पुढच्या महिन्यात आपण येथे असू की नाही हे माहीत नाही, त्याने प्रणालीतील दोषाची लेखी तक्रार वरिष्ठांकडे करावी, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? कामगाराची सुरक्षितता आणि नोंदीची सुरक्षितता ह्या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. आपल्या युनियनच्या मित्रांनी हा मुद्दा अद्याप हाती घेतलेला दिसत नाही. घ्यावा.

आंदर मावळाला यंत्रयुगाची ओळख शंभर वर्षांपूर्वीच झाली. ह्याच खोऱ्यात ठोकरवाडीचे धरण बांधून टाटांनी १९२२ साली भिवपुरीला वीजनिर्मिती सुरू केली. वीज मुंबईला गेली. त्याच सुमारास शेजारच्या मुळशी पेट्यात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण नको एवढीच त्या लढ्याची ओळख पुढे राहिली. परंतु आपल्या जीविताचा निर्णय आपल्याला न विचारता दूरच्या कोणी कंपनीने घ्यावा काय, हा त्यामागील प्रश्न आजही जिवंत आहे. तेव्हा जमीन आणि पाणी ह्यांचा निर्णय दुसरीकडे झाला. आज जमिनीच्या आणि कर्जाच्या नोंदी कोठे साठतील, कोणाच्या हाती त्यांच्या किल्ल्या असतील, ह्याचा निर्णय दुसरीकडे होतो. आणि जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांसाठी अशा प्रणाली लिहिणारे हात तासा-दीड तासाच्या अंतरावर, बाणेर आणि हिंजवडीत आहेत. त्यांतले काही ह्याच मावळातल्या घरांतून लोकलने जात असतील. ज्ञान शेजारी आहे. ते सहकारी संस्थेच्या दारात येत नाही, कारण तिला ते विकत घेण्याची ऐपत नाही.

डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली तेव्हा गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र ह्या चारही खांबांवर सत्ता विभागली जावी असे त्यांना अभिप्रेत होते. संगणकीकरणाने प्रत्यक्षात एकच खांब जाडजूड होत चालला आहे. एक समान राष्ट्रीय प्रणाली असणे सोयीचे आहे; एका ठिकाणी लावलेले ठिगळ हजारो संस्थांना एकदम मिळू शकते, हा तिचा मोठा गुण नाकारता येणार नाही. परंतु त्याच न्यायाने एका ठिकाणची फटही हजारो संस्थांची फट होते. मध्यवर्ती व्यवस्थेला विरोध करावा असे आमचे म्हणणे नाही. तिच्या बरोबरीने प्रत्येक स्तरावर स्वतंत्र प्रत, स्वतंत्र माहिती आणि स्वतंत्र प्रश्न विचारण्याचा हक्क असला पाहिजे.

प्रश्न विचारण्याच्या हक्काची स्थिती मात्र उलट दिशेने चाललेली आहे. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना कळल्यापासून सहा तासांच्या आत केंद्र सरकारच्या सर्ट-इन ह्या संस्थेला कळविणे बंधनकारक आहे. कळवायचे ते सरकारला. सभासदाला सांगण्याची सक्ती त्या आदेशात नाही. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात बाधित व्यक्तीला कळविण्याची तरतूद आली, पण त्याचे नियम निघायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने. त्याच कायद्याने जाता जाता माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधील व्यक्तिगत माहितीविषयीची तरतूद बदलून नागरिकाचा हक्क आखडला, हे आपल्या वाचकांना विसरता येण्यासारखे नाही. सद्भावनेने दोष शोधून कळविणाऱ्यालाही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ ची भीती असते, कारण प्रामाणिक शोधकाला त्यांतून स्पष्ट सूट दिलेली नाही. दोष सांगणारा आरोपी आणि दोष झाकणारा प्रशासक, ही अवस्था बदलण्यासाठी विधिमंडळात आणि संसदेत आपल्या मित्रांनी आवाज उठवावा.

नागरी सहकारी बँकांसाठी २०२४ च्या मार्चमध्ये एक छत्रसंस्था सुरू झाली आहे, आणि लहान बँकांना तांत्रिक पाठबळ देणे हे तिचे एक घोषित उद्दिष्ट आहे. ठिगळे तपासून पाहण्याची सामाईक प्रतिकृती, रात्रपाळीचे कायम नोकरीतील अभियंते आणि प्रत्येक बँकेला महिन्याचा लेखी अहवाल, एवढे जरी तिने केले तरी ती स्थापन झाल्याचे सार्थक होईल. गावपातळीच्या सोसायट्यांसाठी तेच काम जिल्हा मध्यवर्ती बँकांनी आणि नाबार्डने केले पाहिजे. खर्चाचे रडगाणे ऐकून घेऊ नये. प्रणालीच्या किमतीचा ठरावीक हिस्सा दरवर्षी निगराणीसाठी बाजूला काढून ठेवल्याशिवाय एकही नवी खरेदी मंजूर होऊ नये, असा दंडक शासनाने घातला तर पैसा दिसू लागेल. आणि किल्ल्यांविषयी साधा नियम: ज्याला जेवढे काम, त्याला तेवढाच अधिकार, तेवढ्याच दिवसांसाठी. तलाठ्याचा परवलीचा शब्द कचेरीतील चार जणांना ठाऊक असेल तर जगातील कोणतेही ठिगळ त्या सात-बाराला वाचवू शकणार नाही.

मावळातील कार्यकर्त्यांना ह्यासाठी मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने सप्टेंबरअखेर घ्यावीच लागते. टाकवे बुद्रुक आणि आंदर मावळातील आपल्या सभासद मित्रांनी सभेच्या आधीच सचिवाकडे लेखी प्रश्न द्यावेत. आपली खतावणी कोणत्या संस्थेच्या यंत्रावर साठविली जाते? तिची एक प्रत जाळ्यापासून तोडून कोठे ठेवलेली आहे, आणि ती परत वाचता येते की नाही हे शेवटचे केव्हा करून पाहिले? गेल्या वर्षात कोणकोणती ठिगळे प्रसिद्ध झाली, आणि त्यांपैकी प्रत्येक कोणत्या तारखेला लावले? सचिवाला उत्तरे माहीत नसतील, आणि त्यात त्याचा अपराध नाही. त्याने ते प्रश्न सभेच्या इतिवृत्तात नोंदवून जिल्हा बँकेकडे पाठवावेत, आणि आलेले उत्तर सोसायटीच्या फलकावर लावावे. उत्तर आले नाही तर तेही लिहून लावावे, तारखेसह.